‘इकडे’ म्हणजे कोण?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय ‘तुला वाटेल तो’ असा दिला आहे. जेवणं झाली आहेत, पंखे सावकाश फिरताहेत, मागच्या रांगेतले दोघे नेहमीप्रमाणे पेंगायच्या बेतात आहेत. म्हणून फार काही न काढता एका शब्दावरच बोलते. शब्द सगळ्यांना येतो, पहिलीत नाव घालायच्या आधीपासून येतो. ‘इकडे’.

इकडे ये. बाक इकडे सरकव. फळ्याकडे बघ, इकडे काय बघतोस. आपल्या शाळेत दिवसातून शंभर वेळा ऐकलेला शब्द. व्याकरणाच्या तासाला बाईंनी त्याला ‘स्थलवाचक क्रियाविशेषण अव्यय’ म्हणायला शिकवलं होतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पांढरपेशा मराठी घरांत हा शब्द नुसती दिशा दाखवत नव्हता. तो एक अख्खा माणूस होता. ‘इकडे’ म्हणजे नवरा.

हे मला कळलं ते हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतून. नववीत असताना मराठीच्या बाईंनी वाचनालयाच्या कपाटातून ती काढून दिली होती. जाड, पुठ्ठा सुटलेली, मधली काही पानं दोऱ्यानं शिवलेली. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्यासमोर याच पुस्तकावर बोलताना हात थोडे थरथरताहेत, ते तुम्ही समजून घ्याल. बाईंनी एवढंच सांगितलं होतं, “यमू नवऱ्याला काय म्हणते तेवढं बघत जा.” पुस्तकावर पेन्सिलीची रेघ मारायची सोय नव्हती, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या चिठ्ठ्या कापून घातल्या. पुस्तक परत केलं तेव्हा ते साळिंदरासारखं दिसत होतं.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपटे १८६४ साली खानदेशात पारोळ्याला जन्मले. १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक निघालं आणि त्यात ही गोष्ट क्रमशः यायला लागली. १८९३ साली पुस्तक झालं. लिहायला लागले तेव्हा लेखकाचं वय सव्वीस. आणि सांगणारी कोण, तर यमू, एक बाई, स्वतःच्या तोंडानं आपली हकिकत सांगणारी. पुण्यातलं तिचं लहानपण, भाऊ, मैत्रीण दुर्गी, लहान वयातलं लग्न, आईचं जाणं, बापाचं दुसरं लग्न, सासरचा गोतावळा, मग नवऱ्याबरोबर मुंबईतलं बिऱ्हाड, तिथलं लिहिणं-वाचणं, चार सुखाचे दिवस. आणि मग नवरा जातो. परत पुणं, परत ते घर, आणि जबरदस्तीनं केलेलं केशवपन. त्याच सुमारास, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतीचं वय दहाचं बारा झालं. दहाचं बारा! त्यावरून केवढा गदारोळ उठला होता, हे आपण इतिहासात शिकलो. यमूची गोष्ट त्या गदारोळात लोक आठवड्याला आठवडा वाचत होते.

आता शब्दाकडे येते.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम तुम्हा-आम्हाला माहीत आहे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत. पण नाव टाळून बोलायचं म्हणजे भाषेची केवढी कसरत, ते बघा. नाव नाही. ‘तू’ तर नाहीच नाही. ‘तुम्ही’ म्हणणंसुद्धा फार थेट, समोरासमोर बोट दाखवल्यासारखं. मग बायकांनी काय केलं? माणूस सोडून दिला आणि तो ज्या बाजूला उभा आहे ती बाजू धरली. इकडे. इकडून. इकडचा स्वभाव. इकडे आवडायचं नाही.

आणि बाजू काही क्रिया करत नाही. ती येत नाही, जात नाही, रागावत नाही. म्हणून क्रियापदही बदलावं लागलं. ‘तुम्ही कधी आलात?’ याचं ‘इकडून कधी येणं झालं?’ झालं. ‘ते म्हणाले’ याचं ‘इकडून म्हणणं झालं’. बाई फळ्यावर विचारायच्या, “कर्ता कोण?” आपण बोट वर करायचो. या वाक्यात बोट वर करून दाखवा बरं कर्ता! ‘येणं’ हा शब्द नपुंसकलिंगी, एकवचनी. म्हणजे नवरा नावातून गेला, सर्वनामातून गेला, लिंगवचनातूनसुद्धा गेला. राहिलं ते नुसतं ‘येणं’, एखाद्या घरात पाऊस आल्यासारखं. इतकं अंग चोरून बोलणारं वाक्य मराठीत दुसरं नसेल.

याच्या जोडीचा दुसरा शब्द ‘स्वारी’. तो यमूच्याही बोलण्यात आहे. स्वारी आली, स्वारी आज खुशीत आहे. मूळ फारसी, राजाची, सरदाराची मिरवत निघालेली स्वारी. गंमत अशी की त्यामुळे नवरा स्त्रीलिंगी होतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तोच शब्द आपल्याकडे निजामाच्या राज्यातून ‘सवारी’ होऊन आला. मोहरमची सवारी आपण पाहिली आहे, आणि जालन्याच्या स्टँडवर जीपवाला “एक सवारी, एक सवारी” ओरडतो तेव्हाही तोच शब्द असतो. पुण्याच्या माजघरातली स्वारी आणि अंबड रोडवरची सवारी एकाच घराण्यातल्या. नवराही एक प्रकारची सवारीच, असं मागून कोणीतरी म्हणालं. ते मी ऐकलं आहे.

पण ‘स्वारी’त थोडा थाट आहे, थोडी थट्टा आहे. ‘इकडे’ मात्र वेगळा आहे. तो पुस्तकभर एकच शब्द असून एकसारखा राहत नाही, आणि माझ्या चिठ्ठ्या त्याच्याच होत्या.

आधी तो कुठल्याही पोरीचा असतो तसा साधा, दिशेचा. लग्न झाल्यावर तो धाकाचा होतो. सासरच्या भरल्या घरात नवरा-बायकोनं मोठ्यांसमोर एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. तिथं ‘इकडे’ म्हणणं म्हणजे डोळे खाली घालणं. तो शब्द भिंतीसारखा मध्ये उभा असतो. मुंबईच्या बिऱ्हाडात ती भिंत तशीच राहते, शब्द बदलत नाही, पण आता घरात दोघंच असतात. नवरा तिला शिकवतो, तिच्याशी बोलतो, तिचं ऐकतो. आणि वाचता वाचता लक्षात येतं की या ‘इकडे’मध्ये आता धाक राहिलेला नाही. लाज आहे, लाड आहेत, थोडा अभिमान आहे. अक्षरं तीच. आपल्या आईनं लहानपणी हाक मारलेलं नाव आणि हजेरीत सरांनी पुकारलेलं नाव एकच असतं, पण कान वेगळं ऐकतो, तसं.

नवऱ्याचं नाव पुस्तकात आहे. पण पुस्तक संपल्यावर दहा वाचकांना विचारा, चटकन आठवत नाही. ‘इकडे’ आठवतं.

नववीत मी एवढ्यावर थांबले होते. पुढची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्यांदा वाचताना दिसली. ही सगळी हकिकत यमू कधी सांगते आहे? सगळं होऊन गेल्यावर. नवरा गेल्यावर. म्हणजे ज्या ज्या पानावर ‘इकडे’ आहे, त्या त्या पानावर तो शब्द लिहिणाऱ्या बाईच्या ‘इकडे’ कोणीही नाही. शब्दाचा अर्थ ‘माझ्या बाजूला’, ‘माझ्याजवळ’. बाजू मोकळी झाली, शब्द तसाच राहिला. मराठीत ‘तिकडे’ हा शब्द होताच की. दूर गेलेल्या माणसासाठी तोच बरोबर होता. पण जुने दिवस सांगताना ती त्या दिवसांतलंच बोलते, आणि त्या दिवसांत तो इकडे होता. नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं म्हणून जे नाव टाळलं, त्या माणसाचं आयुष्य तसंही कमीच निघालं. टाळण्यासाठी काढलेला शब्द तेवढा तिच्याकडे उरला.

विधवा झालेल्या बाईचं कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, केस गेले, हे सगळं सुधारकांनी लिहिलं आणि ते लिहिणं जरुरीचंच होतं. पण त्याच दिवशी तिच्या तोंडातला एक शब्दही जात असे. ‘इकडून कधी येणं होणार’ हे वाक्य ती पुन्हा कधीच, कुणालाच म्हणू शकत नव्हती. त्याची नोंद कुठल्या कायद्यात, कुठल्या सभेच्या ठरावात नाही. या कादंबरीत ती सापडते, आणि मला वाटतं लेखकानं मुद्दाम दाखवायचं म्हणून दाखवलेली नाही. सव्वीस वर्षांच्या पुरुषानं घरातल्या बायकांचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं, एवढंच. ते ऐकलं नसतं तर यमू नुसती समाजसुधारणेचं भाषण झाली असती. त्या काळच्या पुष्कळ कथांतल्या बायका तशा झाल्याही आहेत.

कादंबरीतली बाई पुरुषानं लिहिलेली. मग खऱ्या बायकांनी स्वतः लिहिलं तेव्हा काय केलं? दोनच नावं सांगते. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले होते. रमाबाई नवऱ्याला म्हणतात ‘स्वतः’. स्वतः! जो शब्द बोलणारीनं आपल्यासाठी वापरायचा, तो त्यांनी नवऱ्याला देऊन टाकला. पुढे इंग्रजी भाषांतर झालं त्याचं नावही त्याच शब्दावरून ‘हिमसेल्फ’ असं पडलं. याच बाईंनी सेवासदन चालवलं, स्त्रीशिक्षणाची केवढी कामं केली. मला त्या ‘स्वतः’चा पूर्वी राग यायचा. आता तसा येत नाही, पण तो शब्द मला ‘इकडे’पेक्षा जड वाटतो. ‘इकडे’मध्ये निदान दोन बाजू आहेत, एक त्याची आणि एक तिची. ‘स्वतः’मध्ये तिला उभं राहायला जागाच नाही.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’. त्या सरळ ‘टिळक’ म्हणतात. टिळक रागावले, टिळक निघून गेले, टिळकांनी पैसे देऊन टाकले. जसं तुम्ही-आम्ही वर्गातल्या मुलाला आडनावानं म्हणायचो. त्यांनीही नवरा गेल्यावरच लिहिलं आहे. पण त्यांचे टिळक प्रत्येक वाक्यात कर्ता आहेत, म्हणून त्यांच्याशी भांडता येतं, त्यांना हसता येतं. ‘इकडून’शी कसं भांडणार? मला विचाराल तर मराठी गद्यातलं ते एक मोठं पाऊल आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं पुण्या-मुंबईचं. आपल्याकडे काय? खरं आहे. ‘इकडे-तिकडे’ ही मुख्यतः ब्राह्मणी, पांढरपेशी बोली. आपल्या आज्या निजामाच्या राज्यातल्या. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, आणि ते मुलांचं. मुलींना शाळेचं दार माहीत नव्हतं. त्यांच्यापर्यंत ‘करमणूक’ कुठून पोचणार? पण नियम तोच होता. ‘मालक’, ‘धनी’, ‘कारभारी’, नाहीतर थोरल्या पोराच्या नावानं, ‘अमक्याचे बाप’. माझी आजी नुसतं ‘ते’ म्हणायची, तेही तोंड जरा वळवून. रेशनकार्डाच्या कामाला गेलो की कारकून विचारायचा, “नवऱ्याचं नाव?” आजी मला कोपर मारायची. “सांग की आज्याचं नाव.” मी सांगायचे. मग तो विचारायचा, “तुमचं नाव?” तेव्हाही आजी एकदम बोलायची नाही. क्षणभर थांबायची. तिला ते नाव कोणी विचारलंच नव्हतं ना.

हे फक्त माझ्या आजीचं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार याद्या करताना देशभरात सुमारे २८ लाख बायका, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या, यादीतून वगळल्या गेल्या. कारण त्यांनी नोंदणी करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं. त्यांचं बरोबर होतं, पुढच्या निवडणुकीला नावं आली. पण त्या वेळी २८ लाख बायकांचं मत गेलं ते नावापायी. नवऱ्याचं नाव न घेता घेता स्वतःचंही नाव तोंडात येईनासं झालं होतं.

आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि त्यावर स्वतःचं नाव ठसठशीत घातलं. जालन्याहून बुलढाणा किती लांब आहे? आपल्यातले कितीजण तिकडे सोयरिकीनं जोडलेले आहेत! पण मराठीच्या पुस्तकात आपण ताराबाईंचं नाव वाचल्याचं मला आठवत नाही. ते असो.

आता आपल्याकडे येते, म्हणजे खरोखरच इकडे. हा मेळावा जमवताना मुलांचे पत्ते आठ दिवसांत मिळाले. एकानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. बदललं असेल तर गाव. आपण तिसरीत असताना १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आपण वहीवरचं ‘जि. औरंगाबाद’ खोडून ‘जि. जालना’ लिहायला शिकलो. तेवढाच काय तो मुलांच्या पत्त्यातला बदल. मुलींचं काम माझ्याकडे होतं, त्याला चार महिने लागले. आडनाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं, आणि काहींचं लग्नात तांदळावर लिहून पहिलं नावही बदललेलं. हजेरीपटावरच्या नावानं मोबाईलवर शोधून उपयोग नाही, ते नाव आता कोणाचंच नाही. एकीला मी तिच्या धाकट्या भावामार्फत गाठलं. फोनवर मी तिचं शाळेतलं नाव घेतलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, “परत म्हण.” ती आज आली आहे, तिसऱ्या रांगेत आहे, आणि तिच्या बिल्ल्यावर दोन्ही नावं आहेत. सगळ्याच जणींच्या बिल्ल्यांवर मी दोन्ही घातली आहेत, शाळेतलं वर आणि आताचं खाली. दोघी-तिघींनी विचारलं, आताचं वर का नाही? आज शाळेत आलोय म्हणून, असं सांगितलं. एकीनं तरीही खालचं नाव वर करून मागितलं, तेही करून दिलं. तिची मर्जी.

नावं घ्यायला आता कुणाची भीती नाही. आपल्या मुली-सुना नवऱ्याला सर्रास ‘अरे’ म्हणतात, आणि नवरेही जिवंत आहेत, ठणठणीत आहेत. मी मात्र अजून घरी ‘अहो’च म्हणते. सवय म्हणा. ‘अहो’ म्हणजे तरी काय? नुसती हाक, पुढचं नाव गाळलेली. यमूच्या ‘इकडे’पासून मी फार लांब आले आहे असं म्हणायचं धाडस होत नाही. लांब नाही, पण एवढं आहे की आमच्याकडे वाक्यात कर्ता असतो, आणि चहा गार झाला तर कर्त्याला ऐकूनही घ्यावं लागतं.

वेळ झाली असं सर खूण करताहेत. एकच सांगायचं राहिलं. आपल्या वर्गातल्या चार जणींचा पत्ता अजून लागलेला नाही. एक मंठ्याकडे दिली होती, एक परभणीकडे, एवढंच कळलं आहे. बाकी दोघींचं तेवढंही नाही. चौघींची शाळेतली नावं कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवली आहेत. खाली आताच्या नावासाठी जागा रिकामी आहे. चहा घ्यायला जाताना बघा. कुणाला आत्याच्या गावात, बहिणीच्या सासरी, कुठल्या लग्नपत्रिकेत काही सुगावा लागला असेल, तर खडू तिथंच ठेवला आहे.